देवनागरी १ आणि इंग्रजी एक

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला साधा प्रोग्रॅम होता: मेनूतला पर्याय, रोल नंबर, नाव आणि दोन विषयांचे गुण घ्यायचे, बेरीज छापून, नोंद साठवून पुन्हा मेनू दाखवायचा. एका विद्यार्थिनीची पहिली नोंद नीट झाली. दुसऱ्या फेरीत तोच एक दाबला तर "चुकीचा पर्याय". मधे कोडला कुणी हात लावला नव्हता.

नाव मराठीत लिहिण्यासाठी तिने कीबोर्ड मराठीवर नेला होता आणि तो तसाच राहिला होता. सहकाऱ्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला, "पायथनला मराठी आकडे कळत नाहीत." पण नावानंतरचे गुणही ३८ आणि ४५ असे देवनागरीतच गेले होते आणि बेरीज बरोबर ८३ आली होती, फक्त इंग्रजी आकड्यांत.

इनपुट फंक्शन काहीही टाइप केलं तरी मजकूरच हाती देतं. गुण मजकुराची संख्या करणाऱ्या इंट फंक्शनमधून गेले आणि इंटला युनिकोडमधल्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या) कुठल्याही लिपीचे दशमान अंक चालतात. मेनूत मात्र अवतरणातल्या इंग्रजी एकाशी थेट तुलना होती. तिला दोन्ही एकांचा ऑर्ड, म्हणजे अक्षराचा युनिकोड क्रमांक, छापायला लावला: इंग्रजीचा ४९, देवनागरीचा २४०७. मजकूर म्हणून ही दोन वेगळीच अक्षरं.

मग कुणी इझडिजिट सुचवलं, म्हणजे मजकुरात फक्त अंक आहेत का ते सांगणारं फंक्शन. त्याने काम होत नाही. देवनागरी १ लाही ते होच म्हणतं, म्हणजे तुलना पुन्हा फसणारच. शिवाय वर्गाच्या खुणेचा बारीक २ ते पास करतं आणि इंट तिथेच व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीच्या मजकुराची एरर, देतं. पर्याय घेतानाच इंट लावायचा, तो ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर आली तरी प्रोग्रॅम न थांबता ती हाताळणाऱ्या रचनेत, ठेवायचा आणि तुलना संख्येशी करायची. मागेपुढे स्पेस पडली तरी इंट ती काढून टाकतं.

"इनपुट स्ट्रिंग देतं" हे आपण एका मार्काच्या प्रश्नापुरतं घोकून घेतो, याचा मला राग येतो.

मेनू सुधारल्यावर तिने रोल नंबर १२ पुन्हा भरला, जुनी नोंद बदलते का ते बघायला. रोल नंबरवार नोंदी ठेवणारी डिक्शनरी छापली तर बारा नंबर दोनदा, एक इंग्रजी, एक देवनागरी. रोल नंबरला इंट नव्हताच. मेनूने निदान तक्रार तरी केली होती. इथे एकही एरर नाही. आधीच्या बॅचेसच्या किती फायलींत असे जुळे रोल नंबर बसले असतील, ते आता एकेक फाइल उघडून बघतो आहे.