जुनेर

मी गेले होते पितळी बिजागऱ्या घ्यायला. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि तिथून ठरवलेली वस्तूच घेऊन परत आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. पाने, नळाच्या चाव्या, बंद पडलेली घड्याळं आणि एका डोळ्याची बाहुली ओलांडून पुढे गेले, तर एकाने सायकलच्या सुट्या भागांखाली चक्क गोधडी अंथरली होती. विकायला नव्हे, नुसती खाली. विचारलं, "ही केवढ्याला?" त्याने आधी गोधडीकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, आणि म्हणाला, "चारशे." २५०ला तुटलं. त्याने चेन, पेडल, मडगार्ड सगळं उचलून वर्तमानपत्रावर मांडलं आणि गोधडी अशी झटकली, की शेजारचे तिघे दुकानदार एकदम खोकले.

घरी आई. ती मूळची सांगलीकडची, तिच्या तोंडी गोधडी नाही, वाकळ. "दुसऱ्याची वाकळ घरात आणलीस? आणि मेलेल्या माणसाची असली म्हणजे?" प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकायची आपल्याकडे रीतच आहे, आणि दिलेलं कुठेतरी जातच असणार. माझ्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून मी ती धुवायला घेतली.

गावाकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण नदीवर जातं. ओली गोधडी एकीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहतात आणि उलट दिशांनी पीळ घालतात. माझ्याकडे नदी नव्हती आणि दुसरी बाईही नव्हती (आई लांब उभी राहून नुसती बघत होती). न्हाणीघरात गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि माझे पाय. तिसऱ्या पाण्याला सायकलचं वंगण निघालं, पाचव्या पाण्याला लाल रंग दिसला. वाळत घातल्यावर खालच्या मजल्यावरून निरोप आला, की तुमची गच्ची गळते आहे का बघा. वाळायला दोन दिवस लागले.

वाळल्यावर कळलं, काय घेतलंय ते. एका बाजूला सलग हिरवं इरकली लुगडं, लाल काठाचं. दुसऱ्या बाजूला ठिगळंच ठिगळं: खणाच्या चोळीची पाठ, चिटाचं फूल, रेघारेघांचं शर्टिंग, शाळेच्या गणवेशाचा निळा. दोरा काठाकडून सुरू होऊन चौकोनात आत आत गेलेला. निम्म्या गोधडीवर टाका तांदळाएवढा, उरलेल्या निम्म्यावर गव्हाएवढा. म्हणजे शिवायला दोघी बसल्या असणार, आणि त्यातल्या एकीला घरी जायची घाई असणार.

मला हिच्या पिशव्या शिवायच्या होत्या. कातर हातात घेतली आणि हात थांबला. कुणीतरी महिना महिना बसून घातलेले टाके, आणि मी त्यांच्या मधोमध कातर चालवणार? मग मीच मला समजावलं. मराठीत जुन्या, विरलेल्या कपड्याला एक सुरेख शब्द आहे, जुनेर. गोधडी सगळी जुनेराचीच. लुगडं आधी बसण्याच्या जागी विरतं, काठ मात्र दणकट राहतात. मग बायका विरलेला भाग कापून टाकत, चांगली टोकं एकमेकांना जोडत आणि तेच लुगडं पुढे नेसत. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलंही फाटलं, की मऊ तुकड्याचं बाळाला दुपटं, मोठ्या तुकड्यांची गोधडी, आणि गोधडीही गेली की शेवटी पोतेरं. इतक्या वेळा कातर लागलेल्या कापडाला माझ्या एका कातरीचं काय? युक्तिवाद चांगला होता. तरी पहिला काप मी कोपऱ्यातच घेतला, जिथे फारसं दिसणार नाही.

आणि कापलं तर सगळे टाके धडाधड सुटायला लागले. हातशिलाईचा धावदोरा एका जागी तुटला, की ओळच्या ओळ मोकळी होते. म्हणून आधी टीप, मग कातर. जिथून कापायचं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मशीनची एकेक टीप मारून घ्यायची आणि मधून कापायचं. हे मला गोधडीचा कोपरा घालवून कळलं, तुम्हाला फुकट सांगतेय.

त्या घालवलेल्या कोपऱ्यातून आत काय आहे ते दिसलं. हिरव्या लुगड्याखाली पिवळं पडलेलं धोतर, त्याखाली दुसरं लुगडं, बहुधा चंद्रकळा, कारण काळ्याचा आता राखाडी झाला होता. त्याच्याही खाली मैद्याच्या कापडी पोत्याचा तुकडा. निळ्या शाईत 'नेट वजन' एवढंच उरलेलं, वजनाचा आकडा धुऊन गेलेला. मी तो तुकडा तसाच आत ठेवला.

नायलॉनचा एक धागाही सापडला नाही, यावरून गोधडी बरीच जुनी असावी. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या आणि गोधडीची पंचाईत झाली. त्या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि थर लावायला गेलं तर एकमेकींवरून घसरतात. शंका असेल तर कडेचा एक दोरा काढून काडी लावून बघावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते, पॉलिस्टरचा वितळून काळा मणी होतो. आमच्या घरात या प्रयोगासाठी अर्धी काडेपेटी संपली आणि आईने पहिल्यांदाच माझ्या उद्योगात रस घेतला. दोरा हुंगून ती म्हणायची, "हे सूत."

खरं तर ज्या कपड्यांवर मी आता पैसे घालवते, ते आम्हीच वर्षानुवर्षं बोहारणीला दिले. चार साड्या, दोन पँटी आणि तासभर घासाघीस, त्याच्या बदल्यात एक स्टीलचं पातेलं, तेही झाकणाशिवाय. बोहारीण कापड उजेडात धरून बोटाने ताणून बघायची आणि चेहरा असा करायची, की आपलीच लाज वाटावी. आईची इरकली लुगडी याच वाटेने गेली. ते पातेलं अजून घरात आहे, दूध त्यातच तापतं.

पुढची गोष्ट मशीनची. गोधडीचे चार-पाच थर, कडेला दुमडले की दहा. माझी साधी मशीन अडून बसली, १४ नंबरची सुई मोडली, १६चीही मोडली. १८ नंबरची सुई, मोठा टाका आणि हाताने हळूहळू फिरवलेलं चाक, असं केल्यावर ती पुढे सरकली. दुमडायचा नाद मात्र सोडावा लागला. कडेला सुती कापडाची पट्टी लावून थर झाकले, गोलाईला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, सरळ कडेला साधी. बंद मात्र लुगड्याच्या काठाचेच केले. काठाची वीण दाट असते, बटाटे-कांद्यांचं ओझं तीच पेलते. विरलेल्या अंगाचे बंद करून एकदा फजिती झाली आहे. बसस्टॉपवर टोमॅटो गोळा करायला तीन अनोळखी माणसांनी मदत केली होती.

कोपऱ्यांनी फार छळलं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. तीही जुन्या कपड्यांचीच, आणि तिचेही टाके कडेकडून आत जातात. पण तिच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं असतात, आणि फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. मी पिशवीच्या कोपऱ्याला तसं फूल करायला गेले, तर त्याचा समोसा झाला. उसवलं.

आता प्रश्न उरला, बाहेर कोणती बाजू घ्यायची. मला यात प्रश्न वाटलाच नव्हता. ठिगळांची! हल्ली दुकानांत गोधडीच्या नावाने ज्या पिशव्या मिळतात, त्यांवर नव्या कोऱ्या कापडाचे सारखे चौकोन ओळीने बसवलेले असतात. त्यांतल्या एकाही चौकोनाखाली भोक नसतं. माझ्या गोधडीवरची ठिगळं मात्र जिथे लागली तिथे होती: पायाच्या टोकाला, जिथे टाचा घासतात, तिथे दाट, मध्ये विरळ, आणि डोक्याकडे एकच, तेही शर्टाच्या खिशाचं. माझी पिशवी खरी आहे हे चार माणसांना दिसावं, असा माझा मतलब होता, तो लपवत नाही.

पहिली पिशवी घेऊन मंडईत गेले. नेहमीच्या मावशींनी मेथी जोखली, पिशवीचं तोंड उघडलं आणि जुडी आत टाकायच्या ऐवजी हात घालून आतलं कापड चाचपलं. हिरवं इरकल. मग बाहेरून एक नजर टाकली, पुन्हा आतून.

"अवो ताई, उलटी शिवलीया की ही."

मी म्हटलं, नाही मावशी, मुद्दामच तशी.

"लुगडं आत, आन् ठिगळं बाहेर?" त्यांनी शेजारच्या कांदेवालीला हाक मारली. तिनेही हात घालून पाहिलं. दोघींनी मिळून इरकलाचा काठ बोटांनी सरळ केला, मेथी आत ठेवली आणि वर कोथिंबिरीची एक काडी जास्तच दिली. एरवी ती मागून मिळत नाही.