आमची वाटचाल : आत किती, बाहेर किती

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर दोन जुनी वर्कस्टेशनं मांडून मी आणि भागीदाराने सुरुवात केली. धंदा : यंत्रात उष्णता कशी वाहील, कुठे किती तापेल, याचा हिशेब आधीच कॉम्प्युटरवर करून देणं. पुढची बरी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कामं आली, बिलं निघाली. सांगायचंय ते रबाळ्याच्या भट्टीचं.

हीट ट्रीटमेंटची, म्हणजे धातू तापवून त्याचे गुण बदलण्याची, विजेची भट्टी, आत 950 अंश, भिंतीला उष्णता अडवणारं सिरॅमिक फायबर. फायबर तापेल तशी त्याची उष्णतावाहकता वाढते, त्यात रेडिएशन तापमानाच्या चौथ्या घाताने. कॉम्प्युटर फेऱ्या मारमारून उत्तराकडे सरकतो; प्रत्येक फेरीत समीकरणांत उरणारी चूक, म्हणजे रेसिड्युअल, नुसते वरखाली नाचत होते. मी रिलॅक्सेशन (दर फेरीला उत्तर किती सरकू द्यायचं ते) 0.1 वर आणलं, टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) सैल केला, आणि रात्री अडीचला 'कन्व्हर्ज्ड', म्हणजे उत्तर स्थिरावलं, असं झळकलं. हिशेबात बाहेरचा पत्रा 58 अंश. भट्टी खरोखर पेटली तेव्हा 96 भरले, रंगाला फोड आले.

पैसे अडकले. भागीदाराने एफडी मोडून दोन महिन्यांचे पगार भागवले. आमच्याच हाताखाली मेशिंग (हिशेबासाठी आकाराचे बारीक तुकडे पाडणं) शिकून महापेला दुकान थाटलेला एकजण सांगत सुटला, "हे रंगीत चित्रं विकतात." आज त्याच्याच माहितीपत्रकात 'हीट बॅलन्स तपासून देतो' असं छापलेलं असतं. असो.

भट्टीवाले काका मात्र थर्मोकपलच्या (तापमान मोजायच्या) तारेची गुंडाळी खांद्याला अडकवून स्वतः पोटमाळ्यावर चढले. स्क्रीनवरच्या रंगांकडे पाहिलंही नाही. "ते राहू दे. आत किती जाते, बाहेर किती येते, एवढं सांग." हिशेब लावला : आत 12 किलोवॅट, बाहेर 7. स्थिर अवस्थेत उरलेले 5 गेले कुठे? 0.1 मुळे दर फेरीला तापमान इतकं थोडं सरकत होतं, की सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला) वाटलं पोचलो. उष्णता अजून फायबरमध्येच रखडली होती.

नवीन मुलांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. एकदम 950 वर उडी नको. 300, 600 असं चढवा, आधीचं उत्तर पुढच्याची सुरुवात करा. आणि रेडिएशनला केल्व्हिनच, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून. 900 सेल्सिअसचा तसाच चौथा घात केलात तर उत्सर्जन जेमतेम तिसरा हिस्सा दिसतं.

नवा हिशेब 94 वर थांबला. काकांनी फायबरचा थर वाढवला, पैसेही दिले, फोड आलेल्या रंगाचे कापून. अजून काम घेऊन येतात, तार खांद्यावर असतेच.