बांबूच्या नळ्यांना भाडेकरू मिळाले: बागेतली या हंगामाची नोंद

एकट्या राहणाऱ्या माश्यांनी घर करावं म्हणून भिंतीला लावलेल्या बांबूच्या नळ्यांपैकी बऱ्याच आता बंद झाल्यात. बंद म्हणजे आत कुणीतरी अंडी घालून तोंड बुजवून निघून गेलंय. कोण येऊन गेलं ते बुजवलेल्या तोंडावरूनच कळतं. हिरव्या पानांच्या चकत्या असतील तर पानकापी माशी (पानाचे तुकडे कापून घर बांधणारी, एकटी राहणारी मधमाशी), चिखल असेल तर बहुधा एकटी राहणारी गांधीलमाशी, चिकट डिंकासारखं काही असेल तर राळ वापरणाऱ्या माश्या. एका नळीतून सुक्या गवताची काडी बाहेर डोकावतेय, तीही गांधीलमाशीचीच करामत. ती गवताने घर भरते आणि पिल्लांसाठी नाकतोडे नाहीतर रातकिडे आणून ठेवते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पानकापीच्या मागे. गुलाबाच्या पानांवर कडेने अगदी कंपासने काढल्यासारखे अर्धगोल दिसायला लागले की ती आली समजायचं. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं, हिचा काप स्वच्छ असतो. पानाच्या कडेवर ती अशी बसते की कापला जाणारा तुकडा तिच्या पायांतच धरलेला असतो. मग जबडा चालवत गोल फिरते. शेवटचा धागा तुटला की तुकड्यासकट खाली घसरते आणि जमिनीला लागायच्या आत उडते. सगळं काही सेकंदांत. तुकडा पोटाखाली दुमडलेला असतो, त्यामुळे लांबून पाहिलं तर पानच उडत चाललंय असं वाटतं.

तुकडेही दोन मापांचे. लांबट तुकडे खोलीच्या भिंतींना, गोल तुकडे झाकणाला. प्रत्येक खोलीत पराग आणि मधुरसाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग झाकण, मग पुढची खोली. पराग ती पायांवर नाही, पोटाच्या खालच्या केसांवर आणते. फुलावरून उठताना पोट पिवळंधमक दिसलं तर ओळख पक्की. नळीच्या तळाशी मादीची अंडी आणि तोंडाशी नरांची, असा तिचा हिशोब असतो. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर, त्यामुळे कुठे काय घालायचं ते तिच्या हातात. नर आधी बाहेर पडतात, म्हणून ते तोंडाशी. नळी आखूड असली की नरांचंच प्रमाण वाढतं. म्हणून नव्याने नळ्या लावणार असाल तर लांबी निदान १५ सेंमी ठेवा, भोक ६ ते १० मिमीच्या दरम्यान वेगवेगळ्या मापांचं, मागची बाजू पेराने बंद, आणि तोंडाचा खरखरीतपणा पॉलिश पेपरने काढलेला. नळ्या वाऱ्यावर हलता कामा नयेत. माश्यांसाठी मिळणारे सुंदर दिसणारे टांगते 'हॉटेल' मला म्हणूनच पटत नाहीत. सकाळचं ऊन आणि पावसाचा आडोसा मिळाला की बास.

गुलाबाचं काय, असं घरातून विचारून झालंच. झाडाला काही झालेलं नाही, फुलं येताहेत. पानं भोकाभोकांची झाली तर मला आनंदच होतो, पण हे सगळ्यांना पटवून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

लिंबाच्या कुंडीवर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी, शेवटची कात टाकली की हिरवीगार. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि तिखट वास सोडते. मुंग्यांना आणि छोट्या शत्रूंना हे पुरेसं असावं, बुलबुलाला नाही. अळ्यांची संख्या सकाळ-संध्याकाळ बदलत असते ती त्याच्यामुळे. कोष झालेल्यांपैकी एकाच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलंय. म्हणजे आतून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. अळ्या घरात आणून डब्यात वाढवा असा सल्ला नेहमी मिळतो. मी आणत नाही. फुलांचा रस पिणारे शिंजीर आणि दाणे टिपणाऱ्या चिमण्यासुद्धा पिल्लांना किडेच भरवतात. सगळ्या अळ्या फुलपाखरं झाल्या तर पिल्लांनी खायचं काय?

त्याचा परिणाम असेल किंवा नसेल, पण शिंपी पक्ष्याची जोडी मोठ्या पानांच्या झुडपाभोवती घुटमळतेय. मादी कोळ्याचं जाळं आणि कापूस चोचीत घेऊन येते. दोन पानं शिवल्यासारखी जवळ आलेली दिसली आणि मी तिकडचं पाणी घालणं थोडं लांबून सुरू केलं. फोटो नाही. पिल्लं उडेपर्यंत मागू नका.

बाकी थोडक्यात. पाण्याचं पसरट भांडं चालू आहे, मध्ये दगड ठेवलेत, म्हणजे माश्यांना उतरायला जागा होते. पाणी रोज बदलतो, त्यामुळे डासांचा प्रश्न नाही. पालापाचोळा कोपऱ्यात तसाच आहे आणि त्यात सापसुरळी दिसायला लागलीय. बागेकडचा दिवा रात्री बंद ठेवतोय, पतंगांची नोंद हवी तेव्हाच पांढरा कपडा लावून लावतो.

नवीन रोपं आणताना एक गोष्ट मात्र आता नेमाने विचारतो: यावर काही फवारलंय का, कुंडीत काही टाकलंय का. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं मुळांतून शोषली जाऊन परागात आणि मधुरसातही उतरतात. वरून पान धुतलं तरी ती जात नाहीत. उत्तर गुळमुळीत आलं तर रोप तिथेच सोडतो आणि ओळखीच्यांकडून फांदी किंवा बी मागून घेतो.

भरलेल्या प्रत्येक नळीवर पेन्सिलीने तारीख टाकून ठेवली आहे. माश्या बाहेर पडल्या की जुन्या नळ्या काढून नव्या लावणार, कारण त्याच त्या नळ्या वर्षानुवर्षं ठेवल्या की बारीक कोळीकीटक (माइट) आणि बुरशी साचते. तुमच्यापैकी कुणाकडे राळेने बुजवलेली नळी असेल तर भोकाचं माप कळवा. माझ्याकडे त्या माश्या फक्त सगळ्यात बारीक नळ्यांतच आल्यात.