ब्रूजला दोन रात्री कशाला?

लेकीकडे नेदरलँड्सला जाऊन आल्यापासून ठाण्यात, आमच्या नौपाड्यात, जो भेटतो तो हेच विचारतो. कालवेच बघायचे तर ॲमस्टरडॅम होतं, व्हेनिस होतं. बेल्जियममधल्या त्या ब्रूजला दोघंच जाऊन दोन रात्री कशाला राहिलात? टूरवाले तर ते गाव अर्ध्या दिवसात दाखवतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

राहिलो ते संध्याकाळसाठी. ब्रुसेल्सहून ट्रेनने तासाभराचं अंतर, त्यामुळे दिवसा मार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चौकात, नुसती रेटारेटी. संध्याकाळ झाली की बसगाड्या निघून जातात, कालव्यातल्या होड्या बंद होतात. मे महिना होता, साडेनऊपर्यंत उजेड. सगळ्यांच्या फोटोत असतो त्या रोझेनहुडकाईच्या काठावर आम्ही धरून सहा-सात माणसं उरली होती. पाणी इतकं निवांत, की विटांच्या घरांचे पायऱ्यापायऱ्यांचे माथे त्यात जसेच्या तसे उतरले होते.

लग्नाआधी आम्ही तलावपाळीला भेटायचो. घरी सांगताना कोपिनेश्वराचं दर्शन. त्यानंतर मुलीची शाळा, सासूबाईंचं आजारपण, ह्यांची लोकल; पाण्याकाठी दोघंच, काही काम नसताना, बसलोय असं चौतीस वर्षांत फारसं झालंच नाही. ब्रूजला बसलो. बोललोही फार नाही.

दुसऱ्या दिवशी घंटाघर. 366 पायऱ्या, आणि ह्यांच्या गुडघ्याला त्या झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून मी एकटी चढले. वरवर जिना इतका अरुंद होतो की उतरणाऱ्याला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. वर 47 घंटा आहेत. खाली आले तर ह्यांनी बटाट्याच्या फ्राइजचा अर्धा पुडा माझ्यासाठी राखून ठेवलेला. गार झाला होता, पण खाल्ला.

बेगाइनहोफ बघाच. 1245 साली बायकांसाठी वसवलेली पांढऱ्या घरांची वस्ती आहे ती. आजन्म नन होण्याची शपथ न घेताही बायका तिथे स्वतंत्र राहायच्या. मी त्या झाडांखाली बराच वेळ रेंगाळले.

पण मनात घर केलं ते गाळाने. 1134 च्या वादळात समुद्र आत घुसला आणि झ्विनची खाडी तयार झाली. तिच्या जिवावर ब्रूज श्रीमंत झालं. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचं कापड, इटलीचे व्यापारी, सगळं इथे. शेअर बाजाराला युरोपात ‘बोर्स’ म्हणतात, तो शब्दही इथल्या व्हान देर बर्स घराण्याच्या खानावळीवरून आला, असं सांगतात. मग खाडी गाळाने भरत गेली. राजकारणही फिरलं, व्यापार अँटवर्पला गेला आणि गाव पुढे कित्येक पिढ्या गरीब राहिलं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता, म्हणून ती उभी राहिली. 2000 साली युनेस्कोने त्या जुन्या गावाला जागतिक वारसा म्हटलं.

हे ऐकताना ठाणेकराला आपली खाडी आठवणारच. आपलंही बंदर होतं. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ‘ताना’ येतं. पण आपल्याकडे 1853 ला रेल्वे आली, पुढे कारखाने आले, आणि वाडे गेले. आमची इमारतही दोन वर्षांपूर्वी रीडेव्हलपमेंटला गेली, सध्या आम्ही भाड्याच्या घरात आहोत. दारावर साल कोरलेल्या एका जुन्या घरासमोर हे किती तरी वेळ उभे होते. काय झालं, असं मी विचारलं नाही. गरिबीमुळे घरं वाचली, याचं मला कौतुक करवत नाही. तेव्हाच्या माणसांनी त्यासाठी काय सोसलं असेल! पण आपल्याकडे पैसा आला तेव्हा निदान एखादी गल्ली तरी तशीच ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच काठावर गेलो. हे म्हणाले, “तलावपाळीलाही असंच असेल गं, पहाटे.”

आल्यापासून आम्ही सहाच्या आधी घर सोडतो. तेव्हा होड्या काठाला बांधलेल्या असतात.