पैलवानाच्या दंडाचं माप

"ताई, प्वाट एवढं फुगलंय आणि तुम्ही खायला घाला म्हंताय?"

कागलकडच्या त्या मावशी माझ्यावर चांगल्याच उखडल्या. त्यांचा राग मला समजत होता. नवऱ्याला लिव्हर सिऱ्होसिस, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाण्याचा आजार, पोटातलं पाणी नुकतंच काढलेलं. मध्यंतरी रक्तात अमोनिया, म्हणजे प्रथिनांपासून शरीरात तयार होणारं विषारी द्रव्य, वाढून काका बरळायला लागले, तेव्हा कुणीतरी सांगितलं, प्रोटीन बंद करा. तेव्हापासून दूध, अंडी, डाळ बंद. नुसती पेज, मऊ भात आणि कावीळ म्हणून उसाचा रस. काका जुने तालमीतले, त्यामुळं मारुतीचा शनिवार मात्र चालूच.

यकृताच्या रुग्णांचा आहार ठरवणं हे माझं कोल्हापुरातलं काम. पोटात पाणी असलं की काट्यावर माझा विश्वास नसतो, काटा पाणीसुद्धा मोजतो. टेप घेऊन दंड मोजला. 21 सेंटिमीटर. मावशी टेपकडं बघतच राहिल्या. "ह्यांच्या दंडात सदरा अडकायचा ओ," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग बोलता आलं. निरोगी यकृत रात्रीपुरती साखर साठवून ठेवतं. सिऱ्होसिसमध्ये ती शिल्लक फार थोडी असते, म्हणून एका रात्रीच्या उपाशीपोटी शरीर स्नायू तोडायला लागतं. आणि रक्तातला अमोनिया निपटायला यकृताच्या मदतीला येतात ते हेच स्नायू! म्हणून प्रथिनं तोडली की माणूस आणखी खचतो. बरळणं आवरायला लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध आहे, दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच होईल इतकं. प्रथिनं तोडायचा सल्ला वैद्यकानं केव्हाच मागं टाकलाय, तरी तो घराघरांत फिरतोय, याची मला फार चीड येते.

किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत. पाणी वजा करून काकांचं वजन 55 किलो धरलं, म्हणजे दिवसाला निदान 66 ग्रॅम. डाळ, दही, अंडी, म्हशीचं दूध. गंगावेशीत धारोष्ण पिऊन वाढलेला माणूस, त्याला दूध उकळूनच घ्या म्हणून दोनदा बजावलं. मीठ दिवसाला सगळं मिळून सपाट चमचाभर, 5 ग्रॅम. खर्डा, लोणचं, भडंग बंद. बाजारातलं 'कमी सोडियम'चं मीठही नको. त्यात पोटॅशियम असतं आणि काकांची पाणी उतरवायची गोळी पोटॅशियम वाढवणारी.

इतका वेळ डोळे मिटून पडलेले काका एकदम म्हणाले, "पांढरा रस्सा?"

घरचा, कमी मिठाचा, मटणाच्या फोडींसकट चालेल म्हटलं.

खरी घासाघीस शनिवारवर झाली. जागेपणी तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं नको आणि झोपताना एक ज्वारीची भाकरी नि ग्लासभर दूध, म्हणजे साधारण 50 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. काका ऐकेनात. शेवटी मावशीच म्हणाल्या, "मारुतीला मी सांगतो. माझा उपास धरतो, ह्यांचा सोडतो."

पुढच्या खेपेला काका चालत आले. दंड तेवढाच होता, इतक्या लवकर तो भरतही नाही. पण पकड मोजायच्या यंत्रावरचा आकडा वाढला होता आणि मधल्या काळात बरळणं नव्हतं. मावशींनी वही पुढं केली. रोजच्या खाण्याच्या वेळा लिहिलेल्या, शनिवारच्यासुद्धा. आता त्यांना विचारायचं होतं, पहाटे पाचला जाग आली तर तेव्हाच काही द्यायचं का. द्यायचं, म्हटलं, आणि वहीत तीही वेळ लिहून दिली.