कारखान्यातले ॲप्लिकेशन रिव्हर्स प्रॉक्सीमागे ठेवताना

आमच्या लहानशा कारखान्यात मालाच्या साठ्याची नोंद ठेवणारे एक वेब ॲप्लिकेशन आहे. जँगो या पायथॉनच्या वेब-चौकटीत लिहिलेले हे ॲप्लिकेशन ऑफिसातल्याच एका संगणकावर चालते आणि गेल्या वर्षापर्यंत ते ऑफिसच्या नेटवर्कबाहेर कधी गेले नव्हते. फिरतीवरच्या विक्री प्रतिनिधींना मोबाइलवर साठा दिसावा अशी मागणी आली, तेव्हा राउटरवर एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून मोकळे व्हावे असा मोह मलाही झाला. तो टळला, पण माझ्या शहाणपणामुळे नव्हे. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला होता आणि पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी आत पोहोचले नसते.

म्हणून एक छोटा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे बाहेरच्या विनंत्या स्वतः घेऊन आतल्या ॲप्लिकेशनकडे पोहोचवायला, एन्जिनएक्स बसवले आणि ऑफिसातल्या संगणकापासून तिथपर्यंत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खाजगी जोडणी, टाकला. सर्व्हरकडचे टोक १०.८.०.१ आणि ऑफिसकडचे १०.८.०.२. जोडणी आतून सुरू होत असल्यामुळे सार्वजनिक पत्त्याची गरज उरली नाही. मात्र दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवण्याची सेटिंग करावी लागली, नाहीतर वाटेतला राउटर ती जोडणी विसरून जातो. एचटीटीपीएससाठी, म्हणजे कूटबद्ध वेब जोडणीसाठी, लागणारे लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे प्रमाणपत्र सर्टबॉट या साधनाने काही मिनिटांत आणून दिले.

पहिल्याच चाचणीत ब्राउझरने पाने फिरत राहिल्याची तक्रार केली. एन्जिनएक्सपर्यंत विनंती एचटीटीपीएसने येत होती, पण बोगद्यातून ती साध्या एचटीटीपीने पुढे जात होती. जँगोला ती असुरक्षित वाटे, ते तिला पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवी आणि हे चक्र संपतच नसे. मूळ विनंती कोणत्या प्रकारे आली हे सांगणारे एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) एन्जिनएक्सने भरावे आणि जँगोने त्यावर विश्वास ठेवावा, असे दोन्हीकडे सांगितल्यावर पान उघडले.

खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. बाहेरून कोणालाच लॉग-इन करता येईना. लागोपाठ पाच वेळा पासवर्ड चुकला की तो आयपी पत्ता अर्धा तास बंद करायचा, ही सोय मीच पूर्वी लिहिली होती, आणि लॉग उघडला तर बंद झालेल्या पत्त्यांच्या यादीत एकच ओळ होती: १०.८.०.१. ॲप्लिकेशनच्या लेखी बाहेरून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे प्रॉक्सीच होता, त्यामुळे रात्रभर पासवर्ड चाचपणाऱ्या कुठल्याशा बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, बाहेरच्या सगळ्यांचे दार बंद केले होते. ॲप्लिकेशनचा वेबपत्ता मी बाहेर कोणाला सांगितलाच नव्हता, पण प्रमाणपत्र निघाले की त्यातले डोमेनचे नाव सार्वजनिक नोंदवहीत जाते आणि बॉट ती नोंदवही वाचत असतात. नाव गुप्त ठेवणे ही सुरक्षा नव्हे, हे ऐकून माहीत होते. लॉगमध्ये पाहिले तेव्हा पटले.

मग पाहुण्याचा खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधून पुढे पाठवला. इथेही एक खोच आहे. एन्जिनएक्सच्या बहुतेक नमुन्यांत आलेल्या हेडरच्या शेवटी पत्ता जोडला जातो, त्यामुळे समोरच्याने आधीच खोटा पत्ता भरून पाठवला तर तो यादीत पहिला राहतो, आणि माझा कोड पहिलाच पत्ता उचलणार होता. म्हणून आलेले हेडर पुसून त्या जागी फक्त प्रत्यक्ष जोडणीचा पत्ता लिहायचा, असे ठरवले. जोडीला लॉग-इनच्या पानावर येणाऱ्या विनंत्यांना एन्जिनएक्सचीच वेगमर्यादा लावली आणि ॲडमिनचा मार्ग बाहेरच्यांसाठी सरळ नाकारला. चलनाचे फोटो चढवताना ४१३ ची त्रुटी येई. एन्जिनएक्समध्ये फाइलची मूळ मर्यादा १ एमबी असते, ती १० केली.

एवढे करूनही ॲप्लिकेशन ऑफिसच्या नेटवर्कवर ८००० पोर्टवर उघडेच होते, आणि तिथल्या कोणत्याही संगणकावरून ही हेडरे हाताने भरून पाठवता आली असती. म्हणून ते फक्त बोगद्याच्या टोकावर, १०.८.०.२ वर, ऐकेल असे केले. आता ऑफिसातली माणसेही डोमेनच्या नावानेच, प्रॉक्सीतून फिरून येतात, आणि इंटरनेट गेले की शेजारच्या खोलीतला साठाही दिसत नाही. आमचे स्टोअरकीपर तेव्हा जुनी वही काढतात आणि माझ्याकडे एकदा पाहून घेतात.