पाते दिसले म्हणून लगेच पोर्फायरा म्हणू नका

बँगिएसी हे लाल शैवालांचे कुळ नवशिक्याला सोपे वाटते. तंतू असेल तर बँगिया, पातळ पाते असेल तर पोर्फायरा. पूर्वी विभागणी तशीच होती. पात्यांत एकथरी की दुथरी, पेशीत वर्णलवक (रंगद्रव्य धरणारा पेशीतला भाग) एक की दोन, यावरून उपप्रजाती पाडत. 2011 मध्ये दोन जनुकांच्या आधारे कुळ नव्याने मांडले गेले. पंधरा प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) निघाल्या, त्यांतल्या आठ पात्यांच्या. 2020 मध्ये त्यांतल्या पायरोपिया या प्रजातीचेही तुकडे झाले. म्हणून नोरीचे (सुशीभोवती गुंडाळतात त्या वाळवलेल्या पापुद्र्याचे) प्रसिद्ध शैवाल आज निओपायरोपिया येझोएन्सिस आहे. थरांची मोजणी वाया गेली नाही, पण तिच्यावरून प्रजाती ठरवू नये.

थर मोजण्यासाठी पात्याचा छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आडवा काप) काठाजवळ घेऊ नका. तिथल्या पेशी जननासाठी विभागलेल्या असतात आणि एकच थर दोन-चार थरांसारखा दिसतो. पात्याच्या मधल्या भागातून, पृष्ठाला काटकोनात, नव्या ब्लेडने पातळ काप घ्या. ब्लेड तिरके गेले की एकथरी पातेही दुथरी भासते. ही चूक सर्रास होते. पाच-सहा काप पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये.

काठ पाहायचा तो बीजाणूंच्या गठ्ठ्यांसाठी. वरून 2×2 आणि छेदात 4 थर दिसले, तर गठ्ठ्यात 16 बीजाणू. नुसते वरून पाहिले तर चारच मोजाल. काठ वांझ असेल तर नमुन्यावर जातीचे नाव घालू नका.

डीएनएसाठी बोटाच्या पेराएवढा स्वच्छ तुकडा टिपून लगेच सिलिका जेलमध्ये टाका. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातला डीएनए मोडतो. पृष्ठावर चिकटलेली इतर शैवाले आधी खरवडा, नाहीतर भलत्याच शैवालाचा क्रम हाती येतो.

आणखी एक गोंधळ शिंपल्यात लपतो. शिंपल्यांत रुतून वाढणारे बारीक गुलाबी तंतू 1892 पासून कॉन्कोसेलिस नावाचे वेगळे शैवाल समजले जात. कॅथलीन ड्रू यांनी 1949 मध्ये दाखवले, की ती पोर्फायराचीच अवस्था आहे. पाते एकगुणित (पेशीत गुणसूत्रांचा एकच संच), हे तंतू द्विगुणित (दोन संच). तंतूंच्या पेशींमधल्या भिंतींत छिद्र बुजवणारी बुचे (पिट प्लग) असतात, पात्यांत नसतात. त्यामुळे एका अवस्थेचे वर्णन दुसरीला लावता येत नाही, नाव मात्र दोघांना एकच.